दोन दिवस, एक रात्र, तारप्यासह

थॉमस कुकनं पहिली सहल काढली ती लोकांना दारूपासून दूर नेण्यासाठी. ५ जुलै १८४१ रोजी या सद्गृहस्थानं इंग्लंडातल्या लेस्टरहून लफबरोला जाणारी खास आगगाडी ठरवली, माणशी एक शिलिंग घेतला आणि पाचशेच्या आसपास माणसं दारूबंदीच्या सभेला नेऊन परत आणली. पुढे जगभर पसरलेल्या पॅकेज टूरचं मूळ या आगगाडीत सापडतं.

हा इतिहास तलासरीत सांगून पाहावा. मुंबई-अहमदाबाद हायवेवर अच्छाडपाशी गुजरात संपतो आणि तलासरी तालुका सुरू होतो. १ मे १९६० ला दोन राज्यं वेगळी झाली, दारूबंदी पुढे गुजरातच्याच वाट्याला राहिली, आणि हद्दीच्या अलीकडच्या हॉटेलांचं भाग्य उजळलं. शनिवारी संध्याकाळी वापीकडून येणाऱ्या गाड्यांना जी घाई असते, ती रविवारी रात्री परत जाताना कुठल्या कुठे गेलेली असते. कुकसाहेबांना माणसं गोळा करायला पत्रकं वाटावी लागली असतील. आमच्याकडे माणसं आपल्या गाडीनं, आपल्या पेट्रोलनं, उलट्या दिशेनं येतात आणि घरी ‘जरा समुद्राची हवा खाऊन आलो’ म्हणून सांगतात. तलासरी गावाला समुद्र नाही, ही गोष्ट घरच्यांनी अजून नकाशात पाहिलेली नसते.

समुद्र आहे डहाणूला. पण डहाणू म्हटल्यावर निम्म्या महाराष्ट्राला कोथरूडची डहाणूकर कॉलनी आठवते, उरलेल्यांना पार्ल्याचं डहाणूकर कॉलेज. एप्रिल २०१३ मध्ये मुंबईची लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि मग मुंबईकरांना कळलं, की हे गाव खरोखर आहे आणि तिथं तिकीट काढून जाता येतं. तेव्हापासून आमच्याकडे दोन बाजूंनी पाहुणे येतात. दक्षिणेकडून बोरिवली-कांदिवली, उत्तरेकडून वापी-सुरत. दोघांचं पॅकेज एकच: दोन दिवस, एक रात्र, नाश्ता-जेवण, संध्याकाळी शेकोटी आणि ‘ट्रायबल डान्स’.

खरा ब्रिटिश पॅकेज टूरिस्ट पाहायचा तर गोव्याला जावं लागतं. १९८७ साली जर्मनीहून चार्टर विमान दाबोळीला उतरलं. काही गोवेकरांनी त्या पाहुण्यांचं शेणानं स्वागत केलं, पण पाहुणे यायचे थांबले नाहीत. पाठोपाठ इंग्लंडची विमानं सुरू झाली आणि कांदोळी-कळंगुटचा किनारा हिवाळ्यापुरता इंग्लंडला जोडला गेला. हा पाहुणा सात हजारांहून अधिक किलोमीटर उडून येतो आणि सकाळी उठून अंडी, सॉसेज आणि टोमॅटोच्या रसातले डब्यातले वाल खातो. दुपारी फिश अँड चिप्स. संध्याकाळी शॅकमधल्या टीव्हीवर त्याच्याच गावच्या संघाचा फुटबॉल. मधल्या वेळेत तो उन्हात पडून राहतो. आपल्याकडे ज्या उन्हाला लोक शिव्या घालतात, ते ऊन त्यानं पैसे मोजून घेतलेलं असल्यामुळे तो एक किरण वाया जाऊ देत नाही. गोव्याचं जेवण त्याला मनापासून आवडतं, फक्त त्यात तिखट, आंबट, काटे आणि खोबरं नको असतं. २३ सप्टेंबर २०१९ ला कुकसाहेबांची एकशे अठ्ठ्याहत्तर वर्षांची ब्रिटिश कंपनी बुडाली, तेव्हा ऐन हंगामाच्या तोंडावर गोव्यातल्या कितीतरी हॉटेलवाल्यांनी कपाळाला हात लावला.

आता यावर मराठी माणसानं हसावं की नाही, हा प्रश्न आहे. स्वित्झर्लंडच्या कुठल्यातरी हॉटेलात सकाळी कांदेपोहे मिळाले म्हणून त्या टूरला ‘व्यवस्था उत्तम’ असा शेरा देणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. युंगफ्राऊच्या बर्फात, साडेतीन हजार मीटरच्या आसपास उंचीवर, भारतीय जेवणाचं रेस्टॉरंट चालतं, ते काही स्विस लोकांच्या आग्रहाखातर नाही. आपले काका तिथं डाळभात खाऊन बाहेर येतात आणि मग बर्फाकडे पाहून म्हणतात, “छान आहे, पण आपलं महाबळेश्वर काय वाईट आहे?”

म्हणजे टूरिस्ट ही एक जात आहे आणि तिला देश नाही. हे आम्हाला डहाणूत बसून, एक पैसा खर्च न करता, रोज शिकायला मिळतं.

आमच्याकडे चार्टर विमानं का आली नाहीत, याला कारण आहे. २० जून १९९१ ला केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि कारखान्यांवर बंधनं आणली. पुढे न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणानं वर्षानुवर्षं त्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. त्यामुळे किनाऱ्यावर दहा मजली हॉटेलांऐवजी सुरूची झाडं उभी आहेत. मधल्या बंगल्यांना आणि वाड्यांना आता रिसॉर्ट म्हणतात. झाडाला दोन झुले बांधले आणि फाटकाबाहेर हिरवा दिवा लावला, की वाडीचा रिसॉर्ट होतो.

पाहुणा दुपारी बारा वाजता येतो. बॅग टाकतो, अर्धी चड्डी चढवतो, पोरांना टायरट्यूब अडकवतो आणि किनाऱ्यावर जातो. समुद्र नसतो. डहाणू-बोर्डीचा किनारा इतका सपाट, की ओहोटीला पाणी पार नजरेच्या टोकाला जातं. समोर मैलभर ओली वाळू, काही बगळे आणि रुतलेली एखादी होडी. पाहुणा परत रिसेप्शनवर येतो. “अहो, सी-फेसिंग लिहिलं होतं तुम्ही!”

“आहे ना साहेब. फेस इकडेच आहे, सी संध्याकाळी येईल.”

यात समुद्राची चूक नाही. किनाऱ्यावरच्या कुठल्याही मांगेला मच्छीमाराला विचारा, त्याला हिशेब तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. म्हणजे अष्टमीला भर दुपारी समुद्र रजेवर. पण शनिवार-रविवारचं बुकिंग करताना तिथी कोण पाहतो? लग्नाला मुहूर्त, गाडीला मुहूर्त, फ्लॅटच्या वास्तुशांतीला मुहूर्त. ज्या एका गोष्टीला पंचांग खरोखर उपयोगी पडतं, तिथं आपण मोबाइल पाहतो. काही पाहुणे तर चिडून पाण्याच्या दिशेनं चालू लागतात. अर्ध्या वाटेवर चप्पल रुतते, तिथंच त्यांची सहल संपते.

नंतर जेवण. “इथलं स्पेशल काय?” हा प्रश्न प्रत्येक टेबलावर विचारला जातो आणि उत्तर कोणालाच नको असतं. ताजे बोंबील आहेत म्हटलं, की वाकडं तोंड. पापलेटाचा भाव ऐकला, की तेच तोंड दुसरीकडे वाकडं. शेवटी पनीर टिक्का. उत्तरेकडून आलेल्यांबरोबर थेपले, खाखरा, छुंदा आणि कधीकधी महाराजही असतात. महाराज म्हणजे आचारी. तो गॅसची शेगडी घेऊन येतो आणि रिसॉर्टच्या स्वयंपाक्याला बाहेर स्टुलावर बसवतो. त्याचवेळी पन्नास पावलांवर बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत असतात. पाहुणे नाकाला रुमाल लावून त्यांच्यासमोर फोटो काढतात. फोटोला वास येत नाही, त्यामुळे तो सर्वांना आवडतो.

हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला उकडहंडी मिळते. मडक्यात शेंगा, रताळी, कोनफळ, हिरवा मसाला आणि रानातला पाला भरून ते उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. तेल जवळजवळ नाही, पाणी नाही. या एका पदार्थावर वापी आणि बोरिवली यांचं एकमत होतं. वापीवाला म्हणतो हे आमचं उबाडियुं, बोरिवलीवाला म्हणतो ही आमची पोपटी, आणि विकणारी मावशी दोघांनाही हो म्हणते. तिला मडकं रिकामं करायचं असतं, वाद मिटवायचा नसतो.

ताडीचं असंच. सूर्य वर यायच्या आत प्यायली तर गोड, चढत्या उन्हाबरोबर आंबत जाते आणि तिची ताकदही वाढते. पाहुणा रात्री जागतो, दहाला उठतो, बाराला ताडी मागतो आणि “गावरान आहे, काही होत नाही” असं म्हणून तीन ग्लास रिचवतो. त्यानंतर त्याला ओहोटीच्या समुद्रातही पाणी दिसतं.

चिकूच्या वाडीची सफर पॅकेजात असते. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, बोर्डीत त्याचा महोत्सव भरतो, चिप्स, लोणचं, हलवा, काय वाटेल ते होतं. पण झाडावरचा चिकू दगडासारखा टणक असतानाच काढायचा असतो आणि मग तो दोन-चार दिवसांत पिकतो. शहरातल्या माणसाला फळ आणि पिकणं यांच्यामध्ये दिवस असतात हे मान्य नसतं. तो झाडाला हात घालतो, दात लावतो आणि ओठ चिकटतात. मेक्सिकोत याच झाडाच्या चिकापासून च्युइंगगम करत. वाडीतल्या बायका पलीकडे पाटीत फळं भरता भरता हा कार्यक्रम पाहतात. तिकीट नाही, आणि दर शनिवारी नवा प्रयोग.

वाढदिवसही इथंच साजरे होतात. त्यासाठी फुगे मुंबईहून आणतात. डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत. म्हणजे फुगा इथून मुंबईला गेला, तिथं हॉल पाहिला, आणि वाढदिवसाच्या निमित्तानं माहेरी परत आला. येणारांपैकी सगळ्यात जास्त प्रवास त्याचाच झालेला असतो.

संध्याकाळी शेकोटी पेटते आणि तारपा येतो. वाळलेला दुधी भोपळा, बांबू, मेण, ताडाचं पान, एवढ्या सामानातून माणसाच्या उंचीचं वाद्य तयार होतं. गावात तो वाजतो नवं भात आल्यावर, कणसरी या धान्यदेवीच्या नावानं, आणि नाच रात्र संपेपर्यंत चालतो. रिसॉर्टमध्ये कणसरी शनिवारी साडेसात ते सव्वाआठ. तारपा वाजवणाऱ्याकडे नाचणाऱ्यानं पाठ करायची नाही, अशी रीत आहे. साखळी त्याच्याभोवती फिरते आणि तो वळेल तशी वळते. पाहुणे उत्साहानं साखळीत शिरतात. पहिली गोष्ट करतात ती तारप्याकडे पाठ, कारण त्याशिवाय सेल्फीत तारपा येत नाही. पाच मिनिटांनी कोणीतरी विचारतं, “यावर गरबा होईल का?” तारपावाला मान हलवतो. गाल फुगलेले असल्यामुळे ती होकाराची की नकाराची, हे कोणाला कळत नाही. दिवसभर त्यानं वाडीत चिकू उतरवलेले असतात. सव्वाआठला तारपा कापडात गुंडाळून तो मोटरसायकलवर बसतो आणि कानात इअरफोन घालतो. त्यात काय वाजतं ते पाहुण्यांना कळू नये, त्यांच्या छायाचित्रांचा रंग उतरेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘वारली आर्ट, एक तास’. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले, वर वाटोळं डोकं काढलं, की माणूस झाला. मुलं पटापट माणसं करतात. वारली घरात लग्न असलं, की सुवासिनी तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकात पालघट देवी बसते. देवीशिवाय लग्न लागत नाही. १९७०च्या दशकात ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली. डहाणू तालुक्यातल्या कलंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे यांनी ती पार पॅरिसपर्यंत नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता पालघट सोडून बाकी सगळी मंडळी मगवर, उशीच्या अभ्र्यावर आणि बाथरूमच्या टाइलवर सापडतात. एका रिसॉर्टमध्ये पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दारावर दोन त्रिकोण आणि बायकांच्या दारावर दोन त्रिकोण व अंबाडा असं काढलेलं आहे. अंबाडा पुसट झाल्यापासून तिथं रोज चर्चा चालते.

उत्साही पाहुणे परतताना तलासरीमार्गे जातात. वाटेत जिथं तिथं लाल झेंडे दिसतात. “कसली जत्रा आहे का?” असं विचारतात. जत्रा महालक्ष्मीची, चैत्रात, विवळवेढ्याला. हे झेंडे वेगळे. २३ मे १९४५ रोजी इथल्या झरी गावात हजारो वारली जमले आणि आता वेठबिगार करायची नाही असं त्यांनी ठरवलं. गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होत्या. वारली त्यांना गोदाराणी म्हणत. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या त्यांच्या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. झरीच्या सभेआधीची शंभरएक वर्षं इथं जे पाहुणे आले, ते जमीन आणि जंगल पाहून आले, मुक्काम वाढवत गेले आणि यजमानांनाच कामाला लावून बसले. चेकआउट कधी करायचं ते त्यांना शेवटी लाल बावट्यानं सांगितलं. एवढं सगळं ड्रायव्हरनं ऐकवलं, की मागच्या सीटवरून प्रश्न येतो, “पण इथं चहा कुठं चांगला मिळतो?”

पॅकेजात न लिहिलेली एक गोष्ट मात्र कोणाला चुकत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीला भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसू लागले. धुंदलवाडीकडच्या माणसांनी थंडीत लेकरं घेऊन रात्री तंबूत काढल्या. त्यांच्यासाठी तो विनोद नव्हता. पण माणूस कशालाही सरावतो. धक्का बसला, की पाहुणा टॉवेलवर बाहेर धावतो. वेटर आधी छताच्या पंख्याकडे पाहतो, मग ट्रेमधल्या चहाकडे. चहा सांडला नसेल तर “लहान होता” असं म्हणून बिलात साखर जास्तीची लावायला विसरत नाही.

आता कोणी म्हणेल, तुम्हा डहाणूकरांना पाहुणे आवडत नाहीत. उलट आहे. इथं पाहुणा नाही असा शोधून दाखवा. चिकू मध्य अमेरिकेतून आला. त्याच्या वाड्या लावणारे इराणी इराणमधून आले आणि आता इथल्या भाषांत भाजीवाल्याशी असे भांडतात, की भाजीवाला गोंधळतो. पारशी शेजारच्या संजाणला उतरले, आणि संजाण पडल्यावर आपला पवित्र अग्नी घेऊन बोर्डीजवळच्या बाहरोटच्या डोंगरात बारा वर्षं राहिले. बारा वर्षं डोंगरावर, नाश्ता समाविष्ट नाही. त्यांनी रिव्ह्यू लिहिला नाही.

आणि बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर, आणि पुढे १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं शाळेत का येत नाहीत, तर ती गुरं राखायला जातात. पॅकेजवाला म्हणाला असता, यांना शिकायचंच नाही. या बायांनी शाळा उचलली आणि गुरं चरतात तिथं, कुरणात नेली. आपलं घर सोबत घेऊन येणारे पाहुणे आम्ही रोज पाहतो. यांनी यजमानाच्या अंगणात जाऊन बस्तान मांडलं. ताराबाई वारल्या, अनुताई १९९२ मध्ये जाईपर्यंत तिथंच राहिल्या. दोन दिवस एक रात्रीचं त्यांना कोणी विचारलंच नसावं.

नवे पाहुणे तर याहून मोठे आहेत. ३० ऑगस्ट २०२४ ला डहाणूजवळच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. खर्च शहात्तर हजार कोटींच्या वर, आणि समुद्रात भर घालून जमीन करायची आहे. हा पाहुणा आपला किनारा स्वतःच घेऊन येतो. मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला आहे. समुद्र रजेवर जातो तो परत येतो हे त्यांना माहीत आहे, जमीन झालेला समुद्र परत येत नाही हेही माहीत आहे. म्हणून ओहोटीवर चिडणाऱ्या बोरिवलीकराकडे पाहून हल्ली आमच्याकडचे लोक जास्त प्रेमानं हसतात. त्याला निदान समुद्र हवा असतो.

तेव्हा मंडळी, जरूर या. येताना कालनिर्णय बघा, तिथीची पाऊणपट करा आणि मगच पोरांना ट्यूब अडकवा. बोंबील एकदा खाऊन बघा, पनीर कांदिवलीलाही मिळतं. तारपावाल्याचं नाव विचारा आणि बिदागी त्याच्या हातात द्या, रिसॉर्टच्या बिलात नको. सेल्फी काढायचीच असेल तर तारप्याकडे तोंड करून काढा. तुमचा चेहरा आला नाही तरी घरचे ओळखतील. आणि झाडावरच्या चिकूला हात लावू नका, तो चार दिवसांनी पिकतो. तेवढे दिवस राहायची तयारी असेल तर खोलीचा भाव आपण बोलून घेऊ.